बॉयलर चालू, नळाला कढत पाणी, तरी घर तापत नाही (इंग्लंड, गॅस कॉम्बी)

उबेच्या_शोधात

नमस्कार मंडळी. रेडिंगजवळचं १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे. तीन बेडरूम, दहा रेडिएटर (वर पाच, खाली पाच), स्वयंपाकघरात २८ किलोवॅटचा गॅस कॉम्बी (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा बॉयलर). लक्षणं सगळी एकदम देतो, म्हणजे निदान करणाऱ्यांना बरं पडेल.

बाहेर १-२ अंश असताना थर्मोस्टॅट २० वर ठेवला तरी हॉल १७ च्या वर जात नाही. वरच्या मजल्यावरचे रेडिएटर चटका बसेल इतके गरम होतात. खाली मात्र हॉलमधला मोठा दुहेरी रेडिएटर कडांना गरम आणि मधोमध खालच्या बाजूला गार. जेवणाच्या खोलीतला कोमट. मागे वाढवलेल्या खोलीतला जवळपास थंडच. सिस्टिममधल्या पाण्याच्या प्रेशरचा काटा गार अवस्थेत ०.६ बारवर येतो. फिलिंग लूप (नळाचं पाणी सिस्टिममध्ये भरायची जोडणी) उघडून १.५ केला की हीटिंग चालू झाल्यावर २.८ पर्यंत चढतो, आणि थोड्या दिवसांत पुन्हा खाली. बॉयलर सारखा पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो.

पाहायला आलेल्या इंजिनियरचं म्हणणं, 'जुना झालाय, नवीन बसवा.' खरंच बॉयलर बदलायला हवा का?

पाईपवाली

बॉयलर बदलायचं तूर्त डोक्यातून काढा. नळाला कढत पाणी येतंय याचा अर्थ गॅस, पंखा, ठिणगी, बर्नर सगळं जागच्या जागी आहे. कढत पाण्यासाठी तो चोवीस-पंचवीस किलोवॅट सहज देतो, आणि तुमच्यासारख्या घराला कडाक्याच्या थंडीतही त्याच्या निम्मी उष्णता पुरते. उष्णता तयार होतेय. ती वाटेत कुठे अडते, एवढंच शोधायचंय.

बॉयलरच्या खाली पाच नळ्या असतात. त्यातल्या दोन जाड, २२ मिमीच्या, हीटिंगच्या: एक जाणारी, एक परतीची. त्यांना क्लिपचे पाईप थर्मामीटर लावा (स्वस्तात जोडी मिळते). हीटिंग वीस मिनिटं चालू ठेवून दोन्ही आकडे लिहा.

जाणारी नळीच कोमट असेल तर दोष बॉयलरच्या आत: डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता नळाकडे की हीटिंगकडे वळवणारा) पूर्ण फिरत नाही, पंप दमलाय, किंवा कोणीतरी हीटिंगचं तापमान कमी करून ठेवलंय. जाणारी ७०, परतीची ३५ असेल तर पाणी फार हळू फिरतंय. जाणारी ७० आणि परतीची ६४-६५ असेल तर पाणी जवळच्या मार्गाने वळसा घालून परत येतंय, खोल्यांना उष्णता न देताच. पेटणं-विझणं पाहता तुमचं हे तिसरं असावं असा माझा अंदाज.

आणि प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या हाताने तपासा. नळी गरम पण रेडिएटर गार असेल तर अडथळा व्हॉल्व्हमध्ये. नळीच गार असेल तर अडथळा त्याच्या आधी कुठेतरी.

नटबोल्ट_सातारकर

ताईंशी सहमत. मी प्रेशरवर बोलतो, कारण मूळ तिथेच आहे.

१० अंशांचं पाणी ७० अंशांपर्यंत तापलं की साधारण २.२ टक्के फुगतं. दहा रेडिएटरच्या घरात सुमारे १०० लिटर पाणी धरलं तर दोन लिटरच्या वर जास्तीचं पाणी होतं. त्याला जागा द्यायला बॉयलरमध्ये (बहुधा मागे) लाल किंवा राखाडी चपटा डबा असतो, एक्स्पान्शन व्हेसल. आत रबरी पडदा, एका बाजूला सिस्टिमचं पाणी, दुसऱ्या बाजूला ०.७५ ते १ बार हवा. हवा दाबली जाते म्हणून काटा गरम असताना फार तर अर्धा-पाऊण बार चढायला हवा.

तुमचा १.५ वरून २.८ जातो, म्हणजे हवा गेलेली आहे. पाण्याला जागा उरली नाही की दाब ३ बारला पोचतो, तिथे प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या १५ मिमी तांब्याच्या नळीतून पडतं. गार झाल्यावर तेवढं पाणी कमी, म्हणून काटा खाली. मग तुम्ही नळाचं ताजं पाणी भरता. पुन्हा तेच.

तपासणी सोपी आहे. ती बाहेरची नळी शोधा, तोंड भिंतीकडे वळवलेली असते. तोंडाला फ्रीजरची पिशवी सैलसर बांधा आणि हीटिंगचा एक पूर्ण फेरा होऊ द्या. पिशवीत पाणी आलं की निदान पक्कं. खाली हात धरून उभे राहू नका, ते कढत असतं.

स्लाउकर

+१. फक्त एक भर. काटा रात्री हीटिंग बंद असतानाही आपोआप वर चढत असेल तर व्हेसलचा दोष नाही, फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह पाझरतोय. वेणीची नळी असलेला लूप असेल तर पाणी भरून झाल्यावर ती काढून ठेवायची आणि टोपणं लावायची असते. बऱ्याच घरांत ती वर्षानुवर्षं तशीच लटकलेली दिसते.

उबेच्या_शोधात

आकडे घेतले. जाणारी ७१, परतीची ६५. बॉयलर चार-पाच मिनिटं पेटून बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा. पिशवीत अर्धा कप पाणी. हॉलच्या रेडिएटरची हवा काढायला गेलो तर हवा नाहीच, शाईसारखं काळं पाणी आलं. मागच्या खोलीतल्या रेडिएटरच्या दोन्ही नळ्या गार आहेत.

नटबोल्ट_सातारकर

मग चित्र पूर्ण झालं. हे तीन वेगळे बिघाड नव्हेत.

व्हेसलची हवा गेली, म्हणून पाणी बाहेर पडलं. पाणी पडलं म्हणून तुम्ही ताजं भरत राहिलात. ताज्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो, शिवाय आधी घातलेलं गंजरोधक रसायन (इनहिबिटर) प्रत्येक वेळी पातळ होत जातं. रेडिएटर पोलादाचे. प्राणवायू कमी असलेल्या बंद पाण्यात त्यांचा जो गंज होतो तो तांबडा नसतो, काळा असतो, मॅग्नेटाइट. तो जड असतो, म्हणून सगळ्यात खालच्या जागी बसतो: खालच्या मजल्याच्या नळ्या, आणि मोठ्या रेडिएटरचा मधला तळ, जिथे पाण्याचा वेग सगळ्यात कमी. खालची वाट अरुंद झाली की पाणी वरचे सोपे रेडिएटर पकडतं आणि गरमच परत येतं. परतीचं पाणी ६५ आल्यावर बॉयलरला वाटतं काम झालं, तो विझतो.

काळ्या पाण्याची खात्री करायची तर काचेच्या बरणीत घ्या, तासभर ठेवा, बाहेरून चुंबक फिरवा. गाळ चुंबकामागे सरकला की मॅग्नेटाइटच.

म्हणजे या घरात नवा बॉयलर लावला असता तर तो याच काळ्या पाण्यावर चालला असता, आणि त्याचा हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) लवकरच चोंदला असता. बहुतेक कंपन्या पाणी स्वच्छ नसेल तर वॉरंटीही नाकारतात.

तांब्याची_नळी

व्हेसलमध्ये हवा भरण्याची पद्धत लिहितो, पण आधी इशारा. अनेक बॉयलरमध्ये पुढचं झाकण हे ज्वलनकक्षाचं सीलही असतं. तसं असेल तर ते फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसानेच उघडायचं. (गॅस सेफ ही गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी, २००९ पर्यंत तिच्या जागी कॉर्गी होतं. ओळखपत्राच्या मागे तो कोणत्या कामांना पात्र आहे ते छापलेलं असतं, ते वाचायला संकोच करू नका.)

बॉयलर बंद, पूर्ण गार. खालचे जाणारे-परतीचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. बॉयलरच्या ड्रेन पॉइंटला नळी लावून दाब शून्यावर आणायचा, आणि ड्रेन उघडाच ठेवायचा. हे महत्त्वाचं. पाण्याचा दाब असताना हवा मोजली तर पाण्याचाच दाब दिसतो आणि व्हेसल ठीक आहे असा समज होतो. मग व्हेसलवरच्या टोपणाखाली गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन क्षणभर दाबा. पाणी आलं तर पडदा फाटलाय, व्हेसलच बदलायचं. काहीच आलं नाही किंवा नुसता फुस्कारा आला तर पायपंपाने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत हवा भरा. भरताना ड्रेनमधून उरलेलं पाणी बाहेर येत राहील, येऊ द्या. ड्रेन बंद, व्हॉल्व्ह उघडा, सिस्टिम १.२ पर्यंत भरा.

पडदा फाटला असेल आणि व्हेसल बॉयलरच्या मागे अडकलेलं असेल तर बॉयलर भिंतीवरून उतरवण्याची गरज नाही. परतीच्या नळीवर बाहेर वेगळं १२ लिटरचं व्हेसल बसवता येतं. दिसायला ओबडधोबड, काम तेच.

रिलीफ व्हॉल्व्ह मात्र बदलाच. एकदा उघडला की त्याच्या बैठकीत गाळाचा कण अडकतो आणि तो पुन्हा नीट बसत नाही. व्हेसल दुरुस्त करून तो जुनाच ठेवला तर थेंब-थेंब गळती चालू राहते आणि लोक पुन्हा व्हेसललाच दोष देतात.

हिवाळी_पाखरू

गळती आहे म्हणून त्यात सीलंटची बाटली ओतली तर? दुकानात मिळते, स्वस्त आहे.

पाईपवाली

नको. रिलीफ व्हॉल्व्हमधून पडणारं पाणी ही गळती नसून सुरक्षेची यंत्रणा तिचं काम करतेय. ती बुजवायची नसते. शिवाय सीलंट हवा लागेल तिथे घट्ट होतं, एअर व्हेंट चिकटवून ठेवतं.

तांब्याची_नळी

आता गाळ. चार उपाय, चढत्या खर्चाने.

पहिला, रसायन. क्लीनरची बाटली घालायची, हीटिंग चालवायचं (मुदत बाटलीवर असते, काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत), मग सगळं पाणी काढून, पुन्हा भरून, पुन्हा काढून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गाळ सैल करून तो बाहेर न काढणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट, तो जाऊन पंपात बसतो.

दुसरा, परतीच्या २२ मिमी नळीवर, बॉयलरच्या लगेच आधी, चुंबकीय फिल्टर. दहा रेडिएटरच्या घरात हा असलाच पाहिजे. सुरुवातीला महिन्यातून एकदा उघडून पुसा, नंतर वार्षिक सर्व्हिसच्या वेळी पुरे. इनहिबिटर घालायलाही याचंच झाकण सोयीचं पडतं.

तिसरा, रेडिएटर काढून अंगणात होजपाइपने धुणं. एक-दोनच रेडिएटर चोंदले असतील तर माझ्या मते हाच सगळ्यात खात्रीचा. हीटिंग बंद, गार. टीआरव्हीचं (खोलीच्या उबेनुसार आपोआप उघडझाप करणारा रेडिएटरचा व्हॉल्व्ह) डोकं काढून त्या जागी बंद करण्याची स्क्रूची टोपी बसवा. नुसतं शून्यावर फिरवून भागत नाही, कारण खोली फार गार झाली की तो आपोआप उघडतो आणि उघड्या नळीतून पाणी येतं. दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड (टोपणाखालचा, प्रवाह ठरवून ठेवायचा व्हॉल्व्ह) बंद करताना किती फेरे लागले ते लिहून ठेवा, उघडताना तेवढेच उघडायचे आहेत. खाली उथळ ट्रे, जुने टॉवेल. एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरा, दुसऱ्याने नट सोडवा, नाहीतर नळी पिळली जाते. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) उघडला की पाणी वाहायला लागेल. दुहेरी ६०० बाय १२०० चा रेडिएटर पाण्यासकट चाळीस-पन्नास किलो भरतो, दोन माणसं हवीत. नेताना दोन्ही तोंडं चिंधीने बुजवून तोंडं वर करून न्या. ते काळं पाणी गालिच्यावर पडलं तर डाग कायमचा. अंगणात उलटसुलट होज मारायचा, रबरी हातोडीने थोपटायचं.

चौथा, पॉवर फ्लश. यंत्राने मोठ्या प्रवाहाने पाणी फिरवतात, एकेक रेडिएटर पाळीपाळीने. चांगला माणूस असेल तर पूर्ण दिवस लागतो. दोन तासांत 'झालं' म्हणणाऱ्याने फक्त रंगीत पाणी बदललेलं असतं.

स्लाउकर

पॉवर फ्लशच्या आधी नळ्यांची जाडी बघा हो. रेडिएटरला येणारी नळी १५ मिमी असेल तर ठीक. पण १९७०-८० च्या दशकात बऱ्याच घरांत ८ किंवा १० मिमीच्या मायक्रोबोअर नळ्या टाकल्या. त्यात गाळाचा खडा सुटला की मॅनिफोल्डच्या (बारीक नळ्या जिथून फुटतात तो जोड) तोंडाशी अडकतो, आणि तो मॅनिफोल्ड नेमका फरशीखाली असतो. तिथे आधी रसायन आणि संयम.

उबेच्या_शोधात

खाली सगळीकडे १५ मिमी आहेत, फक्त मागच्या खोलीला १० मिमी. वाढवलेला भाग नंतरचा आहे. तिथल्या दोन्ही नळ्या गार असण्याचं हेच कारण का?

पाईपवाली

असू शकतं, पण लगेच फरशी फोडू नका. तीन शक्यता क्रमाने काढा.

आधी टीआरव्हीची पिन. डोकं हाताने सोडवा, खाली बारीक धातूची पिन दिसेल. पान्याच्या सपाट बाजूने दाबा. साधारण ३ मिमी आत जाऊन स्वतःहून वर यायला हवी. उन्हाळाभर बंद ठेवलेल्या व्हॉल्व्हमध्ये ती खालीच चिकटते. बाजूने हलकेच टिचक्या मारा, थेंबभर सिलिकॉन वंगण लावा, दाबत-सोडत राहा. पकडीने वर ओढू नका. पिन बाहेर आली तर पाण्याचं कारंजं उडेल.

मग लॉकशील्ड पुरता बंद तर नाही ना.

मग, बाकीचे नऊ रेडिएटर बंद करून सगळा पंप या एकट्यावर सोडा. दहा-पंधरा मिनिटांत नळी गरम झाली तर ती चोंदलेली नाही, फक्त तिच्या वाट्याला पाणी येत नव्हतं; तो बॅलन्सिंगचा (सगळ्या रेडिएटरना पाणी नीट वाटून देण्याचा) प्रश्न. तरीही गार राहिली तर मग चोंदली आहे किंवा हवा अडकली आहे.

थर्मामीटर

बॅलन्सिंगवर कोणी सविस्तर लिहीत नाही म्हणून लिहितो. गाळ काढल्यावर करायचं, आधी नाही.

सगळे टीआरव्ही पूर्ण उघडे, सगळे लॉकशील्ड पूर्ण उघडे. घर गार असताना हीटिंग लावा आणि कोणता रेडिएटर कितव्या क्रमांकाने तापतो ते लिहा. सगळ्यात आधी तापणारा (बहुतेक बाथरूममधला टॉवेल रेल किंवा बॉयलरच्या डोक्यावरचा) लॉकशील्ड पूर्ण बंद करून फक्त पाव फेरा उघडा. त्यापुढचा थोडा जास्त. असं करत शेवटचा, तुमच्या बाबतीत मागच्या खोलीतला, पूर्ण उघडा. मग प्रत्येकाच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळीतला फरक मोजा. गॅस बॉयलरसाठी १५ ते २० अंश फरक सगळीकडे सारखा आला की झालं. प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर आपण आपल्याच मागे धावत बसतो.

पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर चकचकीत तांबं आणि क्रोमवर तो साफ खोटं सांगतो. नळीवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेपवर रोखा.

आणि ज्या खोलीत भिंतीवरचा थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरचा टीआरव्ही पूर्ण उघडा ठेवा. नाहीतर टीआरव्ही १९ ला बंद होतो, थर्मोस्टॅट २० ची वाट बघत बसतो, बॉयलर दिवसभर बाकीच्या खोल्या तापवतो. टीआरव्हीवरचा ३ म्हणजे साधारण २० अंश, ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. पडद्यामागे, सोफ्यामागे किंवा रेडिएटरच्या लाकडी पेटीत दडलेला टीआरव्ही स्वतःभोवतीची कोंडलेली गरम हवाच मोजतो.

अवांतर: रेडिएटरवर ओले कपडे वाळत घालणं आपल्या घरांत सर्रास चालतं. त्याने उष्णता खोलीत येण्याऐवजी पाण्याची वाफ करण्यात जाते आणि ती वाफ गार भिंतीवर बसून बुरशी येते. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट लावून तिथेच दार बंद करून वाळवा, किंवा डीह्युमिडिफायर घ्या.

हिवाळी_पाखरू

पण आमच्याकडे गाळ नाही, पाणी स्वच्छ, सगळे रेडिएटर सारखे गरम, तरी घर १७-१८ लाच अडतं. गॅस वाचवायला हीटिंगचं तापमान ५५ वर आणलं आहे. सगळीकडे हेच सांगतात ना?

थर्मामीटर

सांगतात आणि बरोबरच सांगतात, पण अर्धंच. कंडेन्सिंग बॉयलर जळालेल्या वायूतल्या वाफेचीही उष्णता घेतो, पण तो फायदा परतीचं पाणी साधारण ५४-५५ च्या खाली आलं की सुरू होतो, म्हणून तापमान उतरवायचं. पण रेडिएटरवर छापलेले वॅट हे पाण्याचं सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंश जास्त धरून दिलेले असतात, म्हणजे खोली २० तर पाणी सरासरी ७०. तुमचं जाणारं ५५, परतीचं ४५, सरासरी ५०. फरक ३० वर आला. त्या फरकाला रेडिएटर छापील आकड्याच्या साधारण ५१ टक्केच देतो. फरक ४० असेल तर ७५ टक्के.

उदाहरण: हॉलमध्ये दुहेरी ६०० बाय १२००, छापील सुमारे २ किलोवॅट. ५५ च्या सेटिंगला जेमतेम १ किलोवॅट. खोलीतून बाहेर दीड किलोवॅट जात असेल तर ती २० ला पोचणारच नाही, रात्रभर चालू ठेवलं तरी. बाहेर ८-१० अंश असताना ५५ पुरतं, शून्याजवळ ६५ करा. वेदर कॉम्पेन्सेशनचा बाहेरचा सेन्सर हेच काम आपोआप करतो. बऱ्याच कॉम्बींना तो लावता येतो, पण बसवताना कोणी सुचवत नाही.

नटबोल्ट_सातारकर

इथे माझं थोडं वेगळं मत. ६५ करण्याआधी भिंतीकडे बघा. विटांची रचना पाहा: लांब विटांच्या मध्येमध्ये आखूड तोंडाच्या विटा दिसत असतील तर ९ इंची भरीव भिंत. सगळ्याच लांब असतील तर बहुधा पोकळी असलेली. १९३० च्या दशकात दोन्ही प्रकार बांधले जात. पोकळी रिकामी असेल तर ती भरल्यावर भिंतीतून जाणारी उष्णता ढोबळमानाने एक तृतीयांश राहते. माळ्यावर २७० मिमी इन्सुलेशनची लोकर आहे का तेही बघा. ही कामं एकदाच करायची, ६५ चं बिल दर हिवाळ्यात येतं.

थर्मामीटर

मान्य. पण जानेवारीत पोकळी भरायला माणूस मिळेपर्यंत ६५ ठेवा दादा, गारठू नका.

भाडेकरू_नं_१

आम्ही भाड्याच्या घरात. यातलं आम्ही काय करायचं?

पाईपवाली

हवा काढणं, टीआरव्हीची पिन, थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या, टायमरचं घड्याळ (ऑक्टोबरअखेर वेळ बदलते तेव्हा जुने टायमर तासभर चुकतात), प्रीपेमेंट मीटरमधली शिल्लक, एवढं तुमच्या हातात. बाकी घरमालकाचं काम. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ नुसार हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि गॅस उपकरणांची वार्षिक सुरक्षा तपासणीही. तक्रार फोनवर नको, लेखी करा, सोबत काट्याचा आणि थर्मामीटरचा फोटो. दाद लागली नाही तर कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाकडे. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही मालकानेच द्यायचा आहे, इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून.

तोपर्यंत विजेचा पंखा-हीटर एकाच खोलीपुरता वापरा, विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट पडतं. आणि एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच लावू नका.

स्लाउकर

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: कडाक्याच्या थंडीत सकाळी अचानक बॉयलर पूर्ण बंद, आत गुडगुड आवाज, तर वरचं काही लागू नाही. कंडेन्सेटची (बॉयलरमध्ये वाफेचं झालेलं पाणी बाहेर नेणारी) प्लॅस्टिकची नळी बाहेर गोठली आहे. गरम (उकळतं नाही) पाणी बाहेरच्या नळीवर ओता, विशेषतः वळणांवर आणि टोकाशी, मग रीसेट. पायवाटेवर सांडलेलं पाणी गोठून घसरगुंडी होते, मीठ टाका. कायमचा उपाय म्हणजे घराबाहेरचा भाग २१.५ ऐवजी ३२ मिमी, वर जलरोधक इन्सुलेशन, आणि मीटरला किमान ४५ मिमी उतार.

बॉयलरच्या पडद्यावरचे कोडही कामाचे, कंपनीनुसार वेगळे: वेलंटवर एफ२२, बॅक्सीवर ई११९, आयडियल लॉजिकवर एफ१ म्हणजे पाण्याचा दाब कमी, तो स्वतः भरता येतो. वेलंटवर एफ२८, बॅक्सीवर ई१३३, वूस्टरवर ईए म्हणजे ज्योत पेटत नाही किंवा टिकत नाही. आधी कंडेन्सेट नळी आणि गॅस येतोय का ते पाहा, नाहीतर गॅस सेफ माणूस. गॅसचा वास आला तर कोड बघत बसू नका. मीटरपाशी गॅस बंद, खिडक्या उघडा, बाहेर येऊन गॅस आणीबाणीचा नंबर ०८०० १११ ९९९ लावा.

जर्सीकर

अमेरिकेतल्यांनी काय करायचं? आमच्याकडे रेडिएटर नाहीत, तळघरातला हवा तापवणारा फर्नेस आणि ती खोल्यांत नेणारे डक्ट.

तांब्याची_नळी

वेगळा धागा काढ रे. तोवर एवढं बघ. फर्नेस पेटतो, मग पंखा चालू पण हवा गार येते, असं असेल तर आधी फिल्टर. एक इंच जाडीचा मर्व्ह १३ (फार बारीक धूळही अडवणारा फिल्टर) बऱ्याच घरांत हवा इतकी अडवतो की फर्नेस आत तापतो आणि सुरक्षेचा लिमिट स्विच बर्नर बंद करतो. फिल्टर काढून दहा मिनिटं चालवून बघ. बर्नर पेटून काही सेकंदांतच विझत असेल तर फ्लेम सेन्सरची दांडी वीज बंद करून बारीक स्टील वुलने पूस. भिंतीबाहेरचे पांढरे पीव्हीसी पाईप बर्फाखाली गाडले नाहीत ना तेही. परतीच्या आणि जाणाऱ्या डक्टमधला फरक फर्नेसच्या पाटीवर छापलेल्या मर्यादेत यायला हवा.

उबेच्या_शोधात

सगळ्यांचे आभार. बाकीचे नऊ बंद करून पाहिलं, मागच्या खोलीची नळी गरम झाली. म्हणजे चोंदलेली नाही. आता कोटेशन मागवतोय. इंजिनियरला नेमकं काय लिहून पाठवू, म्हणजे पुन्हा 'नवीन बसवा' ऐकावं लागणार नाही?

नटबोल्ट_सातारकर

असं लिहा: 'एक्स्पान्शन व्हेसल शून्य दाबावर तपासून हवा भरणे, पडदा फाटला असल्यास बाहेरील १२ लिटर व्हेसलचा वेगळा दर. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बदलणे. परतीच्या २२ मिमी नळीवर चुंबकीय फिल्टर. क्लीनर घालून, मुदत संपल्यावर पूर्ण पाणी बदलणे. इनहिबिटर. हीटिंगची कमाल शक्ती १२ किलोवॅटवर सेट करणे.' शेवटचं बहुतेकांना सुचत नाही. २८ किलोवॅट फक्त नळाच्या पाण्यासाठी लागतात. हीटिंगची मर्यादा उतरवली की पेटणं-विझणं बरंच कमी होतं, आणि नळाचं पाणी तसंच कढत राहतं.

हॉलचा रेडिएटर काढून धुण्याचं काम तुम्ही आणि शेजारी मिळून करा, त्याचे पैसे देऊ नका. मात्र ते क्लीनर घालण्याआधी उरका, म्हणजे घट्ट गाळ रसायनाच्या वाट्याला येणार नाही.

पाईपवाली

इनहिबिटर शेवटच्या भरणीतच घालायला सांगा, त्यानंतर कोणतंही पाणी काढायचं नाही. नंतर तासभर हीटिंग चालवा, सगळे टीआरव्ही उघडे, म्हणजे ते दहाही रेडिएटरमध्ये फिरेल. मग गार झाल्यावर काटा किती, पूर्ण गरम असताना किती, हे दोन आकडे तारखेसह फिल्टरच्या अंगावर चिकटवून ठेवा. गार १.२, गरम १.७ च्या आसपास दिसायला हवं. पुढे कधी गरम-गारमधला फरक एक बारपेक्षा जास्त दिसला तर पाणी भरू नका, आधी व्हेसल बघायला बोलवा.